डॉक वझ आणि कॉट्रेल खोऱ्यातलं बंड

शरयू वझलवार मूळची नागपूरची. तिथल्या व्हेटर्नरी कॉलेजात तिच्या बरोबरीच्या मुली कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याची स्वप्नं बघत होत्या, तेव्हा हिला मोठी जनावरं हवी होती. गाय अडली की खांद्यापर्यंत हात आत घालून वासराचे पाय चाचपायचे, उलटं असेल तर फिरवून घ्यायचं, हे तिला जमायचं आणि त्यात तिचा जीव रमायचा. पुढे शिकायला ती अमेरिकेत आली, परवान्याच्या परीक्षा दिल्या आणि नवऱ्याला, लहानग्या मुलीला घेऊन ओरेगनच्या पूर्वेकडच्या उघड्याबोडक्या मुलखात, कॉट्रेल नावाच्या खोऱ्यात राहायला गेली. नकाशात शोधायला गेलात तर सापडायचं नाही, एवढंसं ते खोरं. मधून एक नदी, नदीतून काढलेला एक कालवा, कालव्याच्या दोन्ही अंगांना लसूणघासाची हिरवी शेतं, आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर करडी झुडपं. बाहेर जायला एकच रस्ता, तोही पुलावरून.

खोऱ्यातल्या लोकांना ‘वझलवार’ म्हणता येईना. पहिल्याच वर्षी तिची ‘डॉक वझ’ झाली ती कायमची.

नवरा संजीव डोंगराखालच्या छोट्या कॉलेजात गणित शिकवायचा. एका हिवाळ्यात तो हार्ट अटॅकने गेला. बाहेर कमरेएवढा बर्फ, रस्ते बंद, आणि दहनाची सोय डोंगर ओलांडून पलीकडच्या शहरात. तेव्हा रे एचेवेरिया स्वतःच्या ट्रकला बर्फ सारायचं पातं लावून आला आणि संजीवला नेणाऱ्या गाडीपुढे सबंध वाट मोकळी करत गेला. रे म्हणजे खोऱ्यातला मोठा पशुपालक. त्याचा पणजा स्पेनच्या बास्क डोंगरांतून मेंढ्या राखायला आलेला. रेची बायको मैते त्यानंतर महिनाभर शरयूच्या घरी जेवण पाठवत होती. त्या वर्षापासून भाऊबीजेला शरयू रेला ओवाळायला लागली. तो टोपी काढून मुकाट पाटावर बसायचा, आणि केया, शरयूची मुलगी, पोट धरून हसायची.

केया तिथेच वाढली. मराठी कळायचं, पण तोंडात बहुतेक इंग्रजीच. ओळखीतल्या मुली शॉमबर्ग, फ्रिस्को अशा दूरच्या शहरांत कंपन्यांत लागल्या. केया शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी झाली. शॉमबर्गहून मृणालिनी, म्हणजे संजीवची बहीण, फोनवर म्हणाली, “वहिनी, मुलीने कमरेला पिस्तूल लावलं आणि तू बघत बसलीस?” शरयू म्हणाली, “माझ्या हातात सुरी असते, तिच्या कमरेला पिस्तूल. दोघी मिळून बरं चाललंय आमचं.”

चाललं होतंही बरं. मग पाऊस कमी झाला.

ओळीने कोरडी वर्षं गेली आणि एका उन्हाळ्याच्या तोंडाशी सरकारी जलखात्याचा माणूस पोर्टलंडहून आला. ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या जुन्या सभाघरात, सगळं खोरं जमलं. त्याने सांगितलं, नदीत आहे ते पाणी आधी खालच्या तळ्याला जाईल. तळ्यातल्या माशांवर इथल्या मूळनिवासी पायूट लोकांचा हक्क आहे, कोर्टाचा निकाल झालेला आहे, म्हणून ह्या वर्षी कालवा बंद.

रे उठला. आवाज न चढवता बोलला. “आमच्या पणज्यांना सरकारनंच इथं बोलावलं. झुडपं उपटा, घरं बांधा, पाणी आम्ही देतो म्हणाले. कालवा तुम्हीच खणलात. निदान अर्धं पाणी सोडा, खालच्या लोकांशी आम्ही स्वतः जाऊन बोलतो.”

“मी निर्णय सांगायला आलोय,” तो माणूस म्हणाला. “चर्चा करायला नाही.”

हॉलमध्ये एकदम शांत झालं. शरयू मागच्या बाकावर होती. आरडाओरडा झाला असता तर तिला इतकी भीती वाटली नसती.

ती तळ्याकाठच्या पायूट वस्तीतही घोडे तपासायला जायची. तिथली एक म्हातारी घोड्याचा लगाम धरून उभी असताना तिला म्हणाली, “वर तुझे शेतकरी ओरडतायत, सरकारनं शब्द मोडला. आम्हाला दिलेला शब्द त्यांच्याआधीचा. मोडायची सवय सरकारला आमच्यावरच लागली.”  घरी येताना तिने गाडी कालव्याकाठी थांबवली. तळाशी चिखल भेगाळला होता आणि त्यात मेलेले कार्प मासे पोटं वर करून पडले होते.

जुलैत रेचा पुतण्या कोल याने पोरं जमवली, कालव्याच्या तोंडाशी जाऊन कुलपं कापली आणि दारं उघडली. कोल लष्करातून परतलेला, तिशीचा, देखणा आणि सदा ताठलेला. पाणी शेतांत पोचलं तेव्हा बाया रडल्या. पाठोपाठ मार्शल, म्हणजे वॉशिंग्टनचे पोलीस, आले, दारं पुन्हा बंद झाली, आणि कोलला त्याच्या आईदेखत जमिनीवर पालथा पाडून बेड्या घातल्या. तो सुटून आला तेव्हा त्याचा एक दात पडलेला होता. तो दात तो कुणालाही दाखवायचा.

त्यानंतर सरकारने चराऊ रानंही बंद केली. खोऱ्याभोवतीची ती रानं सरकारी मालकीची, पण चार पिढ्या ह्यांचीच गुरं तिथे चरत आलेली. गुरं हटवायची मुदत दिली. कुणी हटवली नाहीत, कारण हटवून न्यायची कुठे? मग एका दुपारी हेलिकॉप्टर आलं.

शरयूला फोन आला तो मैतेचा. “डॉक, लवकर ये. सगळं घेऊन ये.”

ती पोचली तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. हेलिकॉप्टरच्या आवाजाने गुरं उधळली होती आणि ऐन उन्हात पळत पळत एका ओहोळाच्या काठावरून खाली कोसळली होती. पुढची पडली, मागची त्यांच्यावर. काही काटेरी तारांच्या कुंपणात घुसली होती आणि सुटायच्या धडपडीत स्वतःला आणखी चिरत होती. एका गाईचा पुढचा पाय गुडघ्यापासून उलटा वळला होता आणि ती त्याच्यावरच उभी राहायला बघत होती. हंबरडे असे की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

शरयूने मरणाच्या वाटेवरच्या जनावरांना सोडवायला गाडीत ठेवलेलं पिस्तूल काढलं. वाचण्यासारखी होती त्यांना खूण करत गेली, बाकीच्यांच्या कपाळावर नळी टेकवून गोळी घालत गेली. उजवा हात थकला तेव्हा डाव्याने घातली. बूट रक्ताने भरून चपचप वाजायला लागले. एका मेलेल्या गाईची आचळं तिचं वासरू अजून चोखत होतं. त्याला ओढून काढावं लागलं. रे आपल्या तांबड्या वळूजवळ गुडघे टेकून बसला होता. त्या वळूची पाठ मोडली होती. “ह्याला मी घालतो,” तो म्हणाला आणि त्याने घातली.

वर टेकाडावर सरकारी माणसं उभी राहून बघत होती. एक तरुण अधिकारी खाली आला, चेहरा पांढराफटक. “असं होणार नव्हतं,” तो म्हणाला. “आम्हाला सांगितलं होतं की…” त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. कोल त्याच्या अंगावर धावला. चौघांनी मिळून त्याला धरला.

रेने हात वाळूत पुसले. “डॉक,” तो म्हणाला, “आजपर्यंत ह्या पोरांना मी थोपवून धरलं होतं.”

त्याच आठवड्यात ग्रेंज हॉलमध्ये समिती उभी राहिली. कॉट्रेल खोऱ्यात ह्यापुढे वॉशिंग्टनचा हुकूम चालणार नाही, असा ठराव झाला. म्हाताऱ्या शेरीफने आपला बिल्ला टेबलावर काढून ठेवला आणि समितीच्या हातून परत घेऊन लावला. टाळ्यांनी छप्पर हादरलं. रेला प्रमुख केलं. पुलावर घासाचे मोठे गठ्ठे रचून, त्यांच्यामागे ट्रॅक्टर आडवे घालून नाकेबंदी झाली. काही दिवसांनी पलीकडच्या तीरावर मार्शलांनी चिलखती गाड्या आणून लावल्या. सुरुवातीला सगळं जत्रेसारखं होतं. बाया ॲपल पाय भाजून पुलावर नेत होत्या, म्हातारे रायफली मांडीवर घेऊन पत्ते खेळत होते, दुसऱ्या राज्यांतून अनोळखी माणसं ट्रकांना झेंडे लावून, ओरडत येत होती. कालव्याची दारं उघडी होती. शेतांना पाणी मिळत होतं. शरयूलाही, खोटं कशाला बोला, ते हिरवं बघून बरं वाटलं होतं.

मग ऑर्विलची पाळी आली.

ऑर्विल हा कालव्याचा पहारेकरी. सरकारी नोकर, पण जन्म खोऱ्यातलाच. वरून हुकूम आला की दारं उघडायची, हुकूम आला की बंद करायची, ह्यातच म्हातारा झालेला. त्याच्या फोनवरून मार्शलांना खबर जाते, असं कुणीतरी उठवलं. शरयू औषधं आणायला पशुखाद्याच्या दुकानापाशी पोचली तेव्हा भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध, कोल आणि त्या बाहेरून आलेल्यांपैकी काहीजण त्याला फावड्याच्या दांड्यांनी मारत होते. ऑर्विल ओरडत नव्हता, कारण त्याचा जबडा आधीच मोडला होता. कुंपणाच्या खांबांना लावायचं काळं डांबर कुणीतरी त्याच्या डोक्यावर ओतलं. ते डोळ्यांत गेलं. दुकानाच्या ओट्यावर माणसं उभी होती, सगळी शरयूच्या ओळखीची. कुणी पायरी उतरलं नाही.

ती मधे घुसली. एक दांडा तिच्या पाठीत बसला.

“तू जनावरांचं बघ, डॉक,” कोल म्हणाला.

“त्यासाठीच आलेय,” ती म्हणाली.

कोलचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. तिने ऑर्विलच्या काखेत हात घातले आणि त्याला एकटीने फरफटत गाडीपर्यंत नेलं. त्याचा एक डोळा गेला तो गेलाच.

संध्याकाळच्या उन्हात रे तिच्या दवाखान्यात आला. ऑर्विलकडे बघून त्याने टोपी काढली.

“कोलचं काय करणार आहेस?” शरयूने विचारलं.

“आता त्याला दुखावलं तर माणसं फुटतील.”

“म्हणजे काही करणार नाहीस.”

“हे संपू दे, डॉक. संपलं की बघतो.”

“रे, समितीचा प्रमुख तू आहेस की तो?”

 रे एकदम म्हातारा दिसायला लागला होता. टोपी हातात घेऊनच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केया स्वयंपाकघरात आली ती युनिफॉर्ममध्ये. शेरीफने सगळ्या डेप्युटींना समितीच्या नावाने शपथ घ्यायला सांगितलं होतं.

“मी नाही घेणार,” ती म्हणाली. “आय ऑलरेडी टूक अन ओथ, आई. वन इज इनफ.”

“मग रिझाइन कर. घरी बस.”

“आणि ऑर्विल? त्याला मारलं त्यांना कोण अरेस्ट करणार?”

“तू पुलापलीकडे गेलीस की ह्यांच्या लेखी शत्रू झालीस. कोल कसा आहे माहितीय ना तुला?”

“रे अंकल वोन्ट लेट एनीथिंग हॅपन,” केया म्हणाली. तिने उभ्याउभ्याच चहा संपवला, कप विसळला, आईच्या गालाला गाल लावला आणि गेली. पुलावर तिला शिव्या बसल्या, पण रे तिथे होता, त्याने गठ्ठे बाजूला करून तिला जाऊ दिलं. ती मार्शलांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

त्यानंतरच्या दिवसांत पुलावरचे पत्ते बंद झाले. पलीकडून भोंग्यावर इशारे यायचे, अलीकडून हवेत गोळ्या जायच्या. शेवटी रेने निरोप धाडला की, मी पुलाच्या मध्यावर येतो, बोलू या.

शरयू दवाखान्यामागे एका घोड्याचा खूर साफ करत होती. नदीकडून आधी एक आवाज आला, मग एक, मग एकदम कढईत मोहरी तडतडावी तसे कितीतरी. घोड्याने पाय हिसडला. ती उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, हातात खुराची सुरी. पाठोपाठ कोलचा ट्रक अंगणात शिरला आणि मागच्या भागात रे पडलेला होता, पोटावर कुणाचातरी शर्ट दाबलेला, शर्टाचा मूळ रंग ओळखू येत नव्हता.

गुरांना निजवायच्या टेबलावर त्याला घेतलं. गोळी ओटीपोटातून शिरून कमरेच्या हाडात फुटली होती. शरयूने त्याच्या दोन्ही हातांना सलाइन लावलं, जखमेत पट्ट्या कोंबल्या आणि मूठ आत घालून दाबून धरली. रे शुद्धीवर होता. दात एकमेकांवर वाजत होते.

“काय झालं?” तिने विचारलं.

“तो हात पसरून पुलाच्या मध्यावर गेला होता,” कोल म्हणाला. “वर त्यांचा ड्रोन घिरट्या घालत होता. आपल्यातल्या एकानं तो पाडला. सगळे खाली वाकले. रे मागे वळून आपल्याच माणसांवर ओरडला, थांबा म्हणाला, तेवढ्यात खांद्यावरची रायफल घसरली. ती सावरायला गेला. आणि तिकडून गोळी आली.”

“कुणी घातली?”

“तुझ्या पोरीनं. मी दुर्बिणीतून बघत होतो.”

शरयूची मूठ रेच्या पोटात होती. ती हलली नाही. हलवता येत नव्हती. मिनिटभर तिला फक्त आपल्या बोटांभोवती उसळणारं गरम रक्त कळत होतं. मग ती म्हणाली, “हा इथे वाचणार नाही. माझ्याकडे माणसाचं रक्त नाही. सर्जन हवा. पूल उघडायला सांग.”

“नाही.”

“पलीकडे हेलिकॉप्टर उतरेल. अर्ध्या तासात हॉस्पिटलला पोचेल.”

“सरकारच्या हेलिकॉप्टरमध्ये? त्याला त्यांच्या ताब्यात देऊ?” कोलने रायफल तिच्या छातीवर धरली. “इथंच बरा कर त्याला.”

पुलावर सगळं ऐकून मैते त्याच वेळी धावत आत आली. तिने रेला पाहिलं, रायफल पाहिली, काहीच विचारलं नाही. टेबलापाशी येऊन तिने शरयूच्या हातावर आपले हात ठेवले. शरयूने आपली मूठ हळूच काढली आणि मैतेची तिथे बसवली. मग वळली.

“घाल गोळी,” ती कोलला म्हणाली. “पण सलाइन संपल्यावर दुसरं कोण लावणार, ते आधी ठरव.”

कोलबरोबर आलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेचेच गडी होते ते, वर्षानुवर्षं त्याच्या ताटात जेवलेले. एकाने रेच्या खांद्याखाली हात घातला, दुसऱ्याने पायांखाली. कोल ओरडत राहिला, पण त्याने चाप ओढला नाही. रेला शरयूच्या ट्रकच्या मागे निजवलं. मैते त्याच्यावर ओणवी होऊन दोन्ही हातांनी दाबत बसली. शरयूने गाडी काढली तेव्हा आरशात तिला कोल रेडिओवर बोलताना दिसला.

पुलावरच्यांना त्याने काय सांगितलं ते लगेच कळलं. पहिली गोळी समोरच्या काचेतून आली. काच दाण्यांसारखी तिच्या तोंडावर फुटली. दुसरी डाव्या खांद्यात घुसली. आधी नुसता धक्का बसला, कळ मागाहून आली. तिने डोकं खाली घातलं आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. दोन ट्रॅक्टरांच्या मधे जेमतेम फट होती आणि फटीत घासाचे गठ्ठे. ट्रक गठ्ठ्यांवर आदळला, आरसे उडाले, पत्रा किंचाळला, काहीतरी चाकाखाली आलं, आणि ती पुलाच्या उघड्या भागावर होती. मागून अजून गोळ्या येत होत्या. टायर फुटलेला ट्रक वेडावाकडा भरकटत पलीकडच्या कठड्याला घासून थांबला.

“हात वर! हात वर! खाली उतर!”

आता समोरून ओरडत होते. तिने दार उघडलं, तर तिला कॉलरला धरून बाहेर ओढलं, डांबरावर पालथी पाडली आणि पाठीवर कुणाचातरी गुडघा आला. जखमी खांदा मागे पिरगाळला तेव्हा तिच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला.

“मागे माणूस मरतोय!” ती ओरडली. “त्या बाईचे हात काढू नका! हात काढू नका तिचे!”

पण दोघे मार्शल ट्रकच्या मागे चढले होते. मैतेने हात वर करावेत म्हणून ते किंचाळत होते आणि ती मान हलवत होती. एकाने तिला खांद्याला धरून मागे खेचलं. तिचे हात सुटले.

शरयूला खालून ट्रकच्या कडेवरून गळणारं रक्त दिसत होतं. आधी थेंब थेंब, मग सलग धार.

केया गाड्यांच्या मागून धावत आली. आई ओळखली, ट्रक ओळखला. कुणीतरी तिला अडवलं, तिने त्याला कोपराने बाजूला केलं आणि ती ट्रकवर चढली. गुडघ्यांवर बसून तिने रेच्या पोटात दोन्ही हात कोंबले. “रे अंकल, लुक ॲट मी. लुक ॲट मी.” मैतेने तिला पाहिलं आणि सगळा जोर लावून तिच्या तोंडावर मूठ मारली. केयाचं नाक फुटलं. मैतेने आणखी मारलं, मग आणखी. केयाने मान चुकवली नाही, हात काढले नाहीत. तिच्या नाकातलं रक्त रेच्या शर्टावर टपकत राहिलं. शेवटी मैतेच दमली आणि तिने आपले हात पुन्हा केयाच्या हातांवर दाबले. अँब्युलन्स आली तेव्हा त्या दोघी तशाच बसलेल्या होत्या आणि रे गेलेला होता.

बातमी खोऱ्यात पोचायला वेळ लागला नाही. उजाडताच कोलने कालव्याच्या तोंडाशी असलेली सरकारी कचेरी पेटवली आणि आतूनच, चालून आलेल्या मार्शलांवर गोळ्या झाडत राहिला. त्यात तो मेला, त्याच्याबरोबरचे दोघे मेले, आणि एक मार्शल मेला. ओहोळाकाठी ज्याचं वाक्य अर्धं राहिलं होतं तसाच तोही पोरगेलासा होता. चिलखती गाड्या खोऱ्यात शिरल्या. घराघरातून माणसं बाहेर काढून रस्त्यावर पालथी निजवली. कालवा बंद झाला. पण त्या उन्हाळ्यात दुसऱ्या खोऱ्यांतून कुलपं तुटायला लागली. जिथे कुणी रेला ओळखत नव्हतं तिथे भिंतींवर त्याचं नाव रंगवलं गेलं. कुठे पूल उडवला, कुठे सरकारी वसाहतीवर रात्रंदिवस गोळीबार झाला. अर्धं पाणी द्या म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने.

रेच्या दफनाला ती झेंडेवाली माणसं बंदुका घेऊन आली. त्यांना शवपेटीवर आपला झेंडा टाकायचा होता. मैतेने थडगं खणणाऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि झेंडा धरलेल्या माणसाच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या शरयूलाही आला. तिचा हात झोळीत बांधलेला होता. मैतेने तिच्याकडे एकदा पाहिलं. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

चौकशीत शरयूने पाहिलं ते सगळं सांगितलं: कोलची रायफल, पुलावरच्या गोळ्या, मार्शलांचा गुडघा, मैतेचे सुटलेले हात. दोन्ही बाजूंना ती नकोशी झाली. दवाखान्याच्या काचा दोनदा फुटल्या. मृणालिनीने शॉमबर्गला कायमची ये म्हणून हट्ट धरला. शरयू गेली नाही. गुरं आजारी पडायची थांबली नव्हती, आणि माणसं पुढच्या दाराने नाही तरी मागच्या दाराने येतच होती. खांदा आता पुरता वर जात नाही.

केयावर ठपका आला नाही. तरी तिने बिल्ला परत केला आणि मॅसॅच्युसेट्सला श्रूजबरीत गेली. तिथे ती मुलांना पोहायला शिकवते. रविवारी फोन करते. हवामान, जेवण, अपार्टमेंटचं हीटिंग, एवढंच बोलते. एकदा मात्र बोलता बोलता थांबली, मग इंग्रजीत म्हणाली.

“आई, मी ट्रिगर दाबला ना, तेव्हा मला रे अंकल दिसलेच नाहीत. मला फक्त रायफल दिसली.”

“मला माहिती आहे, बाळा.”

“नाही, आई,” केया मराठीत म्हणाली. “तुला माहिती नाही.”

 शरयूने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे तरणतलावात मुलांचा गलका चालला होता, शिट्टी वाजत होती, कुणीतरी केयाला हाक मारत होतं. बऱ्याच वेळाने केया म्हणाली, “मला जायला हवं,” आणि शरयू म्हणाली, “जा. पुढच्या आठवड्यात मी येतेय तुझ्याकडे. मग सांग मला.”